मधली

चौथीत निबंध आला होता, 'माझे गाव'. वर्गातल्या निम्म्यांनी कोकण लिहिलं, उरलेल्यांनी सातारा, जुन्नर, पालघाट. मी लिहिलं, 'माझे गाव सेक्टर ९ आहे. माझ्या गावात आठ बिल्डिंगी, एक पाण्याची टाकी आणि पुष्कळ मोकळी जागा आहे.' बाईंनी 'सेक्टर ९'ला लाल पेनाने गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'गावाचे नाव लिहा'. दहापैकी चार.

घरी येऊन बाबांना विचारलं, आपलं गाव कुठलं? बाबा जन्मले गिरगावातल्या चाळीत, आजोबाही तिथलेच. त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "गिरगाव लिही. त्यात गाव आहेच की."

आम्ही नवी मुंबईत, वाशीला राहायला आलो १९८५ साली. मी सहा वर्षांची, भाऊ तीनचा. हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, सिडकोच्या घराचा ताबा मिळाला म्हणून बाबांनी ऑफिसात पेढे वाटले आणि आईने टेम्पोत बसल्यावर जी खिडकीकडे मान फिरवली ती मानखुर्द गेल्यावरच सरळ केली. रडत होती, हे तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, लागतंय तिला.

पूल ओलांडला की मुंबई संपायची. हे नातेवाइकांचं मत होतं आणि ते बोलूनही दाखवायचे. मावशी यायची ती मुक्कामाची बॅग भरून आणि पाच वाजल्यापासूनच बसची चौकशी करत. आमच्या शेजारी जुहूगाव आहे. ते ऐकून माझ्या एका आतेभावाला वाटलं, आम्ही नटनट्यांच्या शेजारी राहायला गेलो. त्याने वर्गात तसं सांगितलंही. मग एका रविवारी तो आला, गॅलरीतून बाहेर बघितलं. समोर दोन म्हशी चिखलात बसल्या होत्या. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

हे शहर कागदावर कसं जन्मलं ते मी फार उशिरा वाचलं. मुंबईवरचा भार खाडीपलीकडे वळवायची कल्पना साठच्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर जमीन. आकडे चोख आहेत. पण आम्ही गेलो तेव्हा हे शहर जेमतेम पंधरा वर्षांचं होतं. म्हणजे हातपाय लांब, शर्ट तोकडा, कुठे काय ठेवायचं ते ठरलेलं नाही. रस्ते आधी आले होते, घरं मागाहून येणार होती. चकचकीत डांबरी रस्ता सरळ जायचा आणि एका जागी अचानक संपायचा. पुढे गवत.

अशा न आलेल्या गोष्टींमध्ये आम्ही वाढलो. त्यातली सर्वांत लाडकी म्हणजे पाईप.

सांडपाण्याची लाइन टाकायची होती, म्हणून ट्रकने आणून टाकलेले ते सिमेंटचे अजस्र पाईप. चाळीसएक तरी असतील. तिसरीतलं मूल किंचित वाकून आत उभं राहू शकेल एवढे. ते वर्ष दीड वर्ष तिथेच पडून होते. का, ते मोठ्यांनी एकमेकांना चिडून विचारलं असेल. आम्ही देवाचे आभार मानत होतो. कोळशाने प्रत्येकाने आपापल्या पाईपवर नंबर टाकला होता. माझा अकरा. आत शिरलं की आधी थंडावा लागायचा, मे महिन्यातसुद्धा. मग ओल्या सिमेंटचा वास, त्यात कुठेतरी शेळीच्या लेंड्यांचा. पाठ टेकली की गोलाईत बरोबर बसायची, जशी नंतर कुठल्याच खुर्चीत बसली नाही. आणि आवाज! एका टोकाने नाव कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ते जाडजूड होऊन पोचायचं. डबा ऐसपैसमध्ये त्यामुळे कुणाचंही राज्य चार चार दिवस उतरत नसे. लपलेला शिंकला तरी शिंक नेमकी कुठल्या पाईपातून आली ते कळायचं नाही.

टोकाच्या पाईपात एक कुटुंब राहायचं. गुलबर्ग्याकडचं. रस्त्याच्या कामावरचे मजूर. एका तोंडाला जुनी साडी बांधलेली, दुसऱ्या तोंडाला तीन दगडांची चूल. त्यांची मुलगी पाचेक वर्षांची असेल. तिला आम्ही खेळायला घेत असू, पण कच्चा लिंबू म्हणून. तिच्यावर राज्य येत नसे. तिला ते आवडत नसावं, कारण एकदा ती धप्पा देऊन हट्टाने डब्यापाशी उभी राहिली आणि डोळे मिटून आकडे म्हणू लागली, कानडीत. आम्ही सगळे लपलो. ती सात की आठपर्यंत म्हणाली आणि थांबली, पुढचे येत नव्हते. पुन्हा एकपासून. आम्ही पाईपात बसून ते ऐकत होतो. दिवाळीच्या सुट्टीत गिरगावला जाऊन आलो तर पाईप नव्हते. ती लाइन टाकून झाली होती, वरून माती सारखी केली होती, आणि साडी, चूल, मुलगी काहीच नव्हतं. मी अकरा नंबर नेमका कुठे पुरला असेल याचा विचार करत त्या मातीवरून चालले. मुलीचा विचार मला वयाच्या तिशीत आला.

पाईप गेले तेव्हा आम्ही मधलीत सरकलो.

मधली म्हणजे बिल्डिंगींच्या मागचा मोठा मोकळा प्लॉट. त्याला सिडकोचा काहीतरी नंबर होता, एका गंजक्या पाटीवर. पण आम्ही सगळे त्याला मधली म्हणायचो. आमच्या जिन्यात पालघाटचे होते, एक सिंधी घर होतं, वर पंजाबी, आणि आम्ही. घरात चार भाषा, खाली यायचं ते "मधलीत येतोस?" असं ओरडतच. हा शब्द कुठून आला ते कुणी विचारलं नाही. आणला होता चिंबोरीने.

चिंबोरी म्हणजे जुहूगावची माझी मैत्रीण. हे नाव आम्ही ठेवलं. ती मला सिडको म्हणायची, तर फिटंफाट. गावातले लोक आम्हा सगळ्यांनाच सिडकोवाले म्हणत, जणू आम्ही त्या ऑफिसातच जन्मलो होतो. ती माझ्याच वर्गात होती, पण तिची खरी शाळा खाडीकडे भरायची. ओहोटीला ती अनवाणी चिखलात उतरायची, फ्रॉक कमरेला खोचून. हातात लोखंडी आकडा. तिवरांच्या मुळाशी चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ दिसलं की ती आधी बिळाचं तोंड बघायची. ताजा, ओला चिखल बाहेर टाकलेला असेल तर घरमालक आत आहे. मग आकडा तिरका सारायचा, हळू, आणि हाताला ठक् लागलं की थांबायचं. ओढायचं नाही. आतला स्वतः चिडून धरतो. मग बाहेर येतो तो आकड्याला लटकूनच. तिने नांग्या दोऱ्याने बांधायला लागायच्या आत मी बांधावर पोचलेली असायची.

"पाय उचलू नको गं, सरकव," असं ती मला ओरडायची. मी पाय उचलायचे. मग चप्पल चिखलात आणि मी त्यावर. अशा तीन चपला खाडीला वाहिल्या मी. निवटी मात्र मला पकडता यायला लागली होती. चिखलावर टुणटुण उड्या मारणारा, कपाळावर डोळे असलेला तो मासा. ओंजळ उलटी करून झाकायचा. हाताखाली त्याची जी फडफड होते ती आजही तळहाताला आठवते. पकडून मी सोडून द्यायचे, त्याचा चिंबोरीला फार राग. "कालवनाचं सोडून देते, येडी."

तर मधली. तिथे क्रिकेट खेळताना मैदानाच्या मधोमध एक मातीचा लांबट उंचवटा होता, त्याला आम्ही बाउंड्री धरलं होतं. त्याच्यापलीकडे गेला की चार. एकदा मी तिला विचारलं, तू नेहमी त्याच्यावरून का चालतेस, मधून का नाही येत? ती म्हणाली, "बांधावरूनच चालतात." कसला बांध? तेव्हा तिने हाताने दाखवलं. ही थोरली, ती बांधाखालची, आणि ही मधली. तिच्या आज्याची शेतं. भाताची. आमच्या बिल्डिंगी उभ्या होत्या त्या थोरलीत.

मी नऊ वर्षांची होते. मला वाटलं, वा, म्हणजे आपण हिच्याच घरी राहतो. मी हे तिला म्हटलंसुद्धा. ती काही बोलली नाही, चेंडू आणायला गेली.

तिच्या आज्याला मी पाहिलेलं आहे. ओट्यावर बसलेले असायचे, पायात काही नाही, नखं चिखलाने कायमची काळी. ते फार बोलत नसत. एकदाच भरभरून बोलले, ते उघाडीबद्दल. खाडीच्या कडेची शेती म्हणजे खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि पावसाचं पाणी बाहेर घालवायचं, अशी दुहेरी कसरत. त्यासाठी बांधात लाकडी झडपेची उघाडी ठेवत. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. कुणी तिथे उभं राहायला लागत नाही. सिडकोच्या इंजिनिअरांनी आमच्याकडे धारण तलाव केले ते हॉलंडच्या धर्तीवर, असं पुढे वाचलं. भराव भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून भरतीच्या वेळचं पावसाचं पाणी तलावात साठवायचं आणि ओहोटीला झडपांतून खाडीत सोडायचं. आता लोक जिथे मिनी सीशोअर म्हणून फिरायला जातात तो असाच तलाव. आज्यांनी त्याची ती सिमेंटची झडप आम्हाला मुद्दाम नेऊन दाखवली होती. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ही त आमचीच उघाडी हाय. फक्त सिमिटाची."

त्यांच्या घरात दोन शब्द सारखे कानावर पडायचे, 'दि. बा.' आणि, नंतर नंतर, 'साडेबारा टक्के'. साडेबारा टक्के म्हणजे कुणाचे तरी परीक्षेतले मार्क असणार, असं मी धरून चालले होते, आणि एवढे कमी मार्क मिळूनही घरात सारखी त्यांचीच चर्चा होते याचं मला कौतुक वाटायचं. दि. बा. पाटील म्हणजे जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे पुढारी, हे कळायला कॉलेज उजाडलं. १९८४च्या १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात जमिनीच्या भावासाठी उभे राहिलेले पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले, हेही तेव्हाच. आम्ही टेम्पोतून पूल ओलांडला तो त्यानंतरच्या वर्षी. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत, ही योजना त्या लढ्यातून आली. मार्क नव्हते ते.

असं सगळं असूनही मला मधलीची आठवण येते ती निखळ सुखाचीच येते, हे कबूल करायला हवं. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिथे टाकळा उगवायचा, गुडघाभर. बेडूक इतके ओरडायचे की टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. वीज गेली की सगळ्या बिल्डिंगींतून एकदम 'हेऽऽ' असा आवाज उठायचा, आणि पाच मिनिटांत सगळी पोरं खाली. थंडीत पहाटे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा आंबूस, डोळ्यांना झोंबणारा वास यायचा. वारा फिरला की कांदाबटाटा मार्केटचा. या दोन वासांवरून आम्ही वाऱ्याची दिशा सांगायचो. कुणाला गंमत वाटेल, मला अजूनही सडक्या कांद्याच्या वासाने घरी आल्यासारखं वाटतं.

आईला वाटत नाही. परवा मी असंच काहीतरी उमाळ्याने बोलत होते, किती मोकळं होतं ना गं सगळं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुम्हाला मोकळं. मला घर खायला उठायचं." चाळीत तिचं दार रात्री झोपतानाच काय ते लागायचं. इथे दुपारी एक ते पाच तिला माणसाचा आवाज ऐकू येत नसे. ती मुंबई ब चालू ठेवायची, ऐकायला नाही, कुणीतरी बोलतंय म्हणून. भाऊ आजारी पडला तेव्हा रात्री डॉक्टर गाठायला बाबा सायकलवरून किती लांब गेले होते ते तिने सांगितलं. सहा वाजले की ती गॅलरीत उभी राहायची, मुंबईकडून येणाऱ्या बसचे दिवे बघत. मला ते आठवतं, पण माझ्या आठवणीत ती आमचा खेळ बघत उभी असते.

मे १९९२मध्ये मानखुर्द ते वाशी रेल्वे सुरू झाली. त्या आठवड्यात आम्ही चौघं वाशीहून गाडीत बसलो, मानखुर्दला उतरलो, प्लॅटफॉर्मवर बसून बटाट्याची भाजी आणि पोळी खाल्ली आणि परत आलो. काम काहीच नव्हतं. आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबं तेच करत होती. काहींकडे तर थर्मास होते. पुलावर आई दाराजवळच्या खांबाला धरून उभी राहिली. साडीचा पदर फडफडत होता, खाली तिवरं, मध्ये चमकणारा चिखल, आणि ती हसत होती. इतकी मोठ्याने हसताना मी तिला त्याआधी गिरगावातच पाहिलं होतं. "आता रोज माहेरी जाईन," म्हणाली. महिन्यातून दोनदाही गेली नाही. पण जाता येतं, एवढं तिला पुरलं.

रेल्वे आली आणि शहर सुसाट वाढलं. मोकळ्या प्लॉटांना एकेक करून पत्रे लागले. मधलीला लागले ते मी दहावीत असताना. पत्र्याला एक भोक होतं. भाऊ आणि मी त्यातून आळीपाळीने बघायचो. पहिल्या दिवशी त्यांनी बांध सपाट केला. चिंबोरीचे आजा तोवर गेले होते. ते एक बरं झालं, असं तिची आई म्हणाली.

आता तिथे सतरा मजली टॉवर आहे. नाव इटालियन आहे, वॉचमनला ते नीट म्हणता येत नाही, तो "हॉटेलसारखं काहीतरी" म्हणतो. आमच्या जुन्या बिल्डिंगीसुद्धा पाडायला निघाल्या आहेत. आईचं सामान माझ्याकडे नेरुळला आलं. खाडीच्या काठी हिवाळ्यात लोक मोठाल्या लेन्स घेऊन रोहित पक्षी बघायला येतात. २०१५मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. फार चांगलं झालं. फक्त त्याच चिखलात उतरलं म्हणून आम्ही जो मार खाल्ला त्याची भरपाई कुठे मागायची ते कुणी सांगत नाही.

खालच्या मजल्यावरचा पालघाटचा मुलगा मेलबर्नला असतो. परवा त्याचा मेसेज आला, 'मधलीत पार्किंग मिळतं का रे बाहेरच्यांना? भाऊ येतोय डेंटिस्टकडे.' त्याच्या मराठीत आता फार काही शिल्लक नाही. हा शब्द आहे.

त्याच टॉवरमध्ये पहिल्या मजल्यावर तो डेंटिस्ट आहे. गेल्या जुलैत मीही गेले होते, आईची कवळी घेऊन. दोन दिवस धो धो पाऊस, त्यात दुपारची मोठी भरती. टॉवरच्या तळघरात पाणी भरलं होतं. पंप लावले होते. तीन जाड नळ्या रॅम्पवरून बाहेर काढलेल्या आणि त्यांतून गढूळ पाणी रस्त्यावर ओकत होतं. सोसायटीचे सेक्रेटरी छत्री घेऊन कुणावर तरी फोनवर ओरडत होते. वॉचमन मला म्हणाला, "दर साल का है मॅडम."

मी रॅम्पच्या कडेला उभी होते, पाऊस ओसरायची वाट बघत. तेवढ्यात खालून, चढावरून, काहीतरी तिरकं तिरकं वर येताना दिसलं. खेकड्याचं पिल्लू. रुपयाएवढं. नळीच्या धारेला बगल देत, थांबत, पुन्हा चालत, ते कडेकडेने वर आलं. वॉचमनने झाडू उचलला. मी म्हटलं, थांबा जरा. मोबाइलवर फोटो काढला, हलला होता तरी तसाच चिंबोरीला पाठवला.

तिचं आता मासळी बाजारात दुकान आहे. दुपारची गर्दी असणार. तरी लगेच उत्तर आलं.

"मधलीतला हाय. सोड त्याला."

मी झाडू घेतला, त्याला हलकेच लोटत रस्ता ओलांडून दिला. चप्पल पाण्यात गेली. पाय उचलला होता मी.